एकाच गोठ्यात एकीला गोचीड ताप, शेजारचीला काहीच नाही. हे रक्तातच असतं का?

गोठेकरी_संगमनेर
राम राम मंडळी. इथे नुसता वाचत असतो, आज लिहितोय कारण घरात यावरून रोज वाद चाललाय. माझ्याकडे सगळ्या एचएफ (होल्स्टिन) क्रॉस गायी आणि वडिलांच्या हौसेच्या दोन गीर. पावसाळ्याच्या तोंडाला एका गायीला गोचीड ताप आला तो असा की ताप १०६, खांद्यापुढची गाठ हाताला लागेल एवढी सुजलेली, डोळ्याची आतली कातडी पांढरी फटक आणि दूध एकदम आटलं, बुपॅरवाकोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून वाचली. तिच्या शेजारी बांधलेली गाय त्याच वळूच्या सीमेनच्या कांडीची, वयाने जवळपास सारखी, तोच मुरघास तीच पेंड आणि अंगावर गोचीडही तेवढेच, ती मजेत रवंथ करत उभी. गीरींना तर कधी काही झालेलंच आठवत नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले प्रतिकारशक्ती कमी पडली. आता कमी का पडली ते सांगा ना राव. हे आनुवंशिक असतं का? असेल तर पुढची कांडी निवडताना काही बघता येतं का? वडिलांचं म्हणणं सगळ्या विका आणि गीर आणा. दुधाचा हिशोब कोण करणार ते काही ते सांगत नाहीत.

वसुबारस
वडिलांचं ऐका दादा. देशी गायीला रोग होतच नाहीत, वशिंड असलेली गाय म्हणजे चालतंबोलतं औषध. विदेशी रक्त आलं की दवाखाना मागे लागलाच समजा.

माणदेशी
वसुबारस, २०२२ ला लम्पी आला तेव्हा आमच्या भागात येऊन बघायला पाहिजे होतं. खिलार बैल, शर्यतीचे खोंड, नुसत्या गाठी अंगभर, पाय सुजलेले, उठता येईना. आमच्या वस्तीवर खिलार पण गेली आणि जर्सी पण गेली. वशिंड कुणाला वाचवायला आलं नाही. खिलार मी पण सांभाळतो, जीव आहे माझा त्यांच्यावर, पण खोटं कशाला बोलायचं.

वसुबारस
लम्पी वेगळा विषय आहे.

माणदेशी
का वेगळा? रोगच आहे ना तो.

पशुवैद्य_खानदेश
दोघांचं भांडण सुटेल असं काहीतरी लिहितो, जरा मोठं होईल.

प्रतिकारशक्ती ही एकच वस्तू नाही की जी देशीत जास्त भरलेली आणि एचएफमध्ये कमी. प्रत्येक रोगाशी लढायची पद्धत वेगळी आणि त्यामागची जनुकं वेगळी. गोचीड ताप म्हणजे थायलेरिया ॲन्युलाटा. हा परजीवी आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या आहे, ज्या गायी त्याला टिकल्या त्यांचीच वासरं पुढे वाढली, असं हजारो वर्षं चाललंय. लम्पीचा विषाणू भारतात पहिल्यांदा नोंदवला गेला २०१९ ला, ओडिशात. त्याच्याशी जुळवून घ्यायला आपल्या कुठल्याच जातीला वेळ मिळालेला नाही. म्हणून थायलेरियात गीर भारी पडते आणि लम्पीत खिलारही आडवा होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता थायलेरिया नेमकं करतो काय ते बघा. गोचिडाच्या लाळेतून आत येतो आणि थेट पांढऱ्या पेशीत शिरतो, जास्त करून मॅक्रोफेज नावाच्या पेशीत. म्हणजे ज्यांनी जंतू खायचा त्यांच्यातच हा राहतो. नुसता राहत नाही तर त्या पेशीला न थांबता वाढायला लावतो, कॅन्सरच्या पेशी वाढतात तशा. खांद्यापुढची गाठ सुजते ती यामुळे. बुपॅरवाकोनने परजीवी मेला की पेशी परत ताळ्यावर येते.

स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी साहिवाल (हीपण देशी जात) आणि होल्स्टिन वासरांना एकाच ताकदीचा संसर्ग देऊन बघितला होता, २००५ मध्ये पेपर आला. परजीवी दोन्हीकडे शिरला, साहिवालच्या दारावर काही तो अडला नाही. पण होल्स्टिनला जो डोस जीवघेणा ठरत होता त्यातून साहिवाल वासरं ताप काढून उभी राहिली. फरक कुठे दिसला तर शरीराने आतून किती गोंधळ घातला त्यात. होल्स्टिनमध्ये सूज आणि ताप वाढवणारी रसायनं रक्तात भरमसाठ सुटतात आणि आवरत नाहीत, जनावर निम्मं मरतं ते परजीवीमुळे आणि निम्मं स्वतःच्याच प्रतिक्रियेमुळे. साहिवालचा तो आवाज कमी असतो. म्हणजे गंमत बघा, 'जास्त प्रतिकारशक्ती' म्हणून आपण जिचं कौतुक करतो ती गाय खरं तर कमी आरडाओरडा करणारी आहे.

आणि आता कडू गोष्ट. संगमनेरकर, तुमच्या गीरींच्या रक्तात थायलेरिया असण्याची शक्यता भरपूर आहे. त्या आजारी नाहीत, पण वाहक असू शकतात. हायलोमा जातीचं गोचीड लहान असताना एका जनावराचं रक्त पितं, गळून पडतं, कात टाकून मोठं होतं आणि मग दुसऱ्या जनावरावर चढतं. लहानपणी गीरीवर जेवलं आणि मोठेपणी एचएफवर चढलं की झालं काम. मधल्या काळात ते राहतं कुठे? तुमच्या गोठ्याच्या दगडी भिंतीच्या भेगांत. अंगावर फवारून भागत नाही ते यामुळे. भेगा भरा, गिलावा करा, दावणीच्या खालची माती खरवडून काढा.

गोठेकरी_संगमनेर
डॉक्टर हे नवीनच ऐकतोय. म्हणजे गीर ठणठणीत आहे हेच शेजारणीच्या मुळावर? वडिलांना वाचून दाखवलं, ते गप्प आहेत.
भिंत दगडीच आहे, आजोबांच्या वेळची.

शंकासुर
सगळं ठीक, पण मूळ प्रश्न राहिला. दोन्ही एचएफ क्रॉस, दोन्ही एकाच बापाच्या. तिथे देशी-विदेशीचा फरक नाही. मग एकीला का आणि दुसरीला का नाही? मला तर वाटतं हा निव्वळ योगायोग. एकीला लागण झालेलं गोचीड चावलं, दुसरीला बिनलागणीचं. जनुकं कशाला मध्ये आणायची.

जनुकवेडी
योगायोगाचा भाग असतोच, शंकासुर, मान्य. पण एकाच बापाच्या म्हणजे सारख्या नाहीत हो. बापाकडून अर्धी जनुकं येतात हे खरं, पण कुठली अर्धी ते प्रत्येक कांडीतल्या प्रत्येक पेशीला वेगळं. वर आया वेगळ्या. एचएफ क्रॉस म्हणतो आपण पण एकीच्या आजीत किती गीर किती गावठी होतं ते कुणाला माहीत. नेमकी प्रतिकाराची जनुकं एकीकडे देशी बाजूची आली असतील आणि दुसरीकडे नसतीलही, कातडीच्या रंगावरून ते कळत नाही.

त्यातही सगळ्यात जास्त विविधता कुठे असते तर गायीच्या २३ व्या गुणसूत्रावर, बीओएलए नावाच्या जनुकांच्या गटात. माणसात अवयव बदलताना जे जुळवून बघतात त्याचाच हा गायीतला भाऊबंद. याचं काम एवढंच की पेशीत सापडलेल्या जंतूचा तुकडा पृष्ठभागावर आणून टी-पेशींना, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवायचा. कोणता तुकडा नीट पकडला जाईल ते ठरतं त्या रेणूच्या खाचेच्या आकारावर, आणि आकार ठरतो जनुकाच्या प्रकारावर. यातल्या डीआरबी३ या एकट्या जनुकाचे शेकडो प्रकार सापडलेत. एका गायीकडे त्यातले फक्त दोन, एक आईचा एक बापाचा. तुमच्या दोन गायींचे दोन-दोन प्रकार वेगळे असतील तर त्याच जंतूचे वेगळे तुकडे त्यांच्या टी-पेशींना दिसणार.

याचा परिणाम लसीवरही होतो. बरेलीच्या आयव्हीआरआय या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेची वृंदावनी ही संकरित जात आहे, तिच्यात लाळ्या खुरकूताच्या लशीनंतर अँटीबॉडी किती तयार होतात आणि डीआरबी३ चा प्रकार कोणता याचा संबंध तपासला गेला, काही प्रकारांच्या गायी चांगला प्रतिसाद देतात काही देत नाहीत. जपानमध्ये गायींच्या ल्युकेमिया विषाणूवर याच जनुकाचा चांगला अभ्यास झालाय, एका प्रकाराच्या गायीत विषाणू रक्तात वाढतच नाही फारसा, दुसऱ्या प्रकारात भरपूर.

मग सगळ्या गायींना तो एकच 'चांगला' प्रकार देऊन टाकू, असं कुणी म्हणायच्या आत सांगते, नको. ल्युकेमियाला चांगला प्रकार दगडीला (कासदाहाला) वाईट निघू शकतो. कळपात निरनिराळे प्रकार असणं हाच कळपाचा विमा.

शंकासुर
ठीक आहे, पण मग आकड्यात सांगा. जनुकं किती टक्के आणि गोठा किती टक्के?

पशुवैद्य_खानदेश
रोगागणिक वेगळं. दगडी, म्हणजे कासदाह, होणं न होणं याची आनुवंशिकता बहुतेक अभ्यासांत १० टक्क्यांच्या आत निघते. म्हणजे गायीगायींत जो फरक दिसतो त्यातला फार थोडा जनुकांमुळे, बाकी सगळं सडांची स्वच्छता, मशीनचा दाब, ओलं शेण, धार काढणाऱ्याचे हात. दुधातल्या पेशींच्या संख्येची जरा बरी, तरी कमीच. अंगावर गोचीड किती चढतात याची त्यापेक्षा बरीच जास्त, ३० टक्क्यांच्या आसपास धरा.

पण याचा अर्थ एका गायीचा दगडी १० टक्के जनुकांमुळे आणि ९० टक्के गोठ्यामुळे झाला असा लावू नका. हा कळपातल्या फरकाचा हिशोब आहे, एका जनावराचा नाही.

जुनाजाणता
मी पशुसंवर्धनातून रिटायर झालेला माणूस. तुम्ही हे सगळं आता नव्याने बोलताय पण जातीजातीतला हा फरक इंग्रजांच्या काळातच लक्षात आलेला होता, बुळकांडीमुळे. तरुण मंडळींना बुळकांडी हा गुरांचा साथीचा रोग माहीत नसेल, २०११ साली जगातून संपली, देवीनंतर संपलेला हा दुसरा रोग. त्या बुळकांडीसाठीच १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा काढली होती, पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली, आजची आयव्हीआरआय तीच. तिथे लक्षात आलं की कुमाऊंची डोंगरी गुरं बुळकांडीला पटकन बळी पडतात आणि मैदानातली गुरं त्यामानाने तग धरतात. त्यामुळे सिरम द्यायचं तर डोंगरी जनावराला मैदानी जनावरापेक्षा कितीतरी जास्त लागायचं. दोन्ही देशीच बरं का, दोघांना वशिंड. तेव्हा डीएनए म्हणजे काय ते कुणाला माहीत नव्हतं. पण मात्रा ठरवताना जात विचारायचे.

तळकोकणी
मस्त माहिती काका. आमच्याकडे कोकण कपिला आहेत, २०१८ ला जात म्हणून नोंद झाली. चार महिने धो धो पावसात जंगलात चरतात, गोचीड चिकटलेली क्वचित दिसतात. दूध मात्र चहापुरतं.

ग्वेल्फकर
दूध चहापुरतं हे वाचून हसले. मी कॅनडात ग्वेल्फला असते, इथल्या विद्यापीठात बॉनी मॅलार्ड यांच्या गटाने याच विषयावर कित्येक वर्षं काम केलंय. माझं काम वेगळ्या विभागात पण एकदा बघायला गेले होते म्हणून सांगते.

त्यांचा विचार असा की एकेका रोगामागे धावायचं नाही. गायीची एकूण प्रतिसाद द्यायची कुवत मोजायची. प्रतिकाराचे दोन हात असतात, एक अँटीबॉडीचा, तो पेशीबाहेरच्या जंतूंसाठी, आणि दुसरा टी-पेशींचा, तो पेशीच्या आत लपलेल्या जंतूंसाठी. गायीला आधी दोन निरुपद्रवी पदार्थ टोचतात. साधारण दोन आठवड्यांनी रक्त घेऊन अँटीबॉडी मोजतात, आणि शेपटीच्या मुळाशी जी कातडीची घडी असते ना तिथे परत थोडा पदार्थ टोचतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कॅलिपरने त्या घडीची जाडी मोजायची. जेवढी जास्त सूज तेवढा पेशींचा हात जोरात. मी गेले तेव्हा एक मुलगी शेपटी वर धरून उभी, दुसरी कॅलिपर लावतेय, गाय पाय आपटतेय आणि तिसरी वहीत मिलिमीटर लिहितेय. एवढं मोठं जेनेटिक्स, आणि सुरुवात शेपटीखालून.

या प्रतिसादाची आनुवंशिकता साधारण २५ टक्के निघते, म्हणजे दगडीच्या थेट आकड्यापेक्षा बरीच जास्त आणि दुधाच्या जवळ जाणारी. म्हणून वळू यावर निवडता येतात. २०१२ पासून सेमेक्स कंपनी इम्युनिटी प्लस असा शिक्का मारून अशा वळूंचं सीमेन विकते. दोन्ही हात चांगले असलेली गाय शोधतात कारण एका हाताने भारी असलेली दुसऱ्या हातात कच्ची असू शकते.

गोठेकरी_संगमनेर
ताई हे सीमेन आपल्याकडे चालेल का मग? लगेच मागवतो.

पशुवैद्य_खानदेश
थांबा जरा. तो वळू होल्स्टिन आहे आणि त्याची तुलना तिकडच्या होल्स्टिनांशी झालीय. तिकडे थायलेरिया ॲन्युलाटा नाही, हायलोमा नाही, पडीक जमिनीवर चरणं नाही. होल्स्टिनांत तो उजवा म्हणून तुमच्या गोठ्यात साहिवालसारखा वागेल असं नाही. दगडी, वार अडकणे असल्या गोष्टींत फायदा होईलही. गोचीड तापासाठी त्याच्यावर विसंबू नका.

जनुकवेडी
अवांतर आहे पण राहवत नाही. गायीच्या अँटीबॉडी जगात भारी आहेत, देशी विदेशी काही नाही, एकूण गाय या प्राण्याच्याच. अँटीबॉडीचं जे टोक जंतूला पकडतं ते माणसात आखूड असतं. गायीच्या साधारण १० टक्के अँटीबॉडींमध्ये ते टोक अचाट लांब, ६०-७० अमिनो आम्लांपर्यंत, एक लांब दांडी आणि तिच्यावर छोटी गोळी अशा आकाराचं. गायीकडे अँटीबॉडी जुळवायला लागणारे सुटे जनुक-तुकडे आपल्यापेक्षा कमी आहेत, पण त्यातला एक तुकडा प्रचंड लांब आहे आणि त्याच्यावरच ती सगळी कलाकुसर करते. २०१७ मध्ये अमेरिकेत चार वासरांना एचआयव्हीच्या प्रथिनाचं इंजेक्शन दिलं तर काही आठवड्यांत त्यांनी एचआयव्हीच्या निरनिराळ्या प्रकारांना निकामी करणाऱ्या अँटीबॉडी बनवल्या. माणसात अशा अँटीबॉडी तयार व्हायला वर्षं लागतात आणि त्याही मोजक्याच लोकांत. गायीला एचआयव्ही होत नाही हे वेगळं.

वसुबारस
बघा, मी म्हणत होतो ना गाय म्हणजे औषध :)

जनुकवेडी
ती वासरं देशी नव्हती हो :)

शंकासुर
हाहा.

पशुवैद्य_खानदेश
हसून झालं असेल तर एक गंभीर गोष्ट, कारण कांडी निवडताना काय बघायचं हा मूळ प्रश्न आहे आणि यात तरी उत्तर स्वच्छ आहे. ब्लॅड नावाचा आनुवंशिक रोग आहे. एचएफमध्येच. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडायला एक प्रथिन लागतं, सीडी१८. त्याच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं आणि पेशी चिकटूच शकत नाहीत. रक्त तपासाल तर पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या, पण जखमेपर्यंत एकही पोचत नाही. वासराच्या हिरड्यांवर व्रण, सारखी हगवण, न्यूमोनिया, बिल्ला मारलेला कान सुद्धा बरा होत नाही. असं वासरू वाढत नाही, बहुतेक वर्षाच्या आत जातं. शेतकरी म्हणतो दृष्ट लागली.

हा दोष पसरला तो ऑसबॉर्नडेल आयव्हॅनहो नावाच्या एका वळूपासून, जन्म १९५२. त्याचा वंशज कार्लिन-एम आयव्हॅनहो बेल, दुधाला इतका जबरदस्त की जगभर कांड्या गेल्या. १९९२ मध्ये जेव्हा जनुकातला बदल सापडला आणि चाचणी आली तेव्हा अमेरिकेतल्या तपासलेल्या होल्स्टिन वळूंपैकी सुमारे १४ टक्के वाहक निघाले. वाहक वळू धडधाकट असतो, काही कळत नाही. वाहक वळू आणि वाहक गाय एकत्र आली की चारात एक वासरू असं. भारतातही एचएफ आणि एचएफ क्रॉस वळूंमध्ये वाहक सापडलेले आहेत, म्हणूनच केंद्राच्या नियमात सीमेन स्टेशनवरच्या वळूची ब्लॅडची तपासणी सक्तीची आहे. तेव्हा कांडी घेताना वळूचा नंबर बघा आणि त्याचं कार्ड मागा. कार्डावर ब्लॅड फ्री लिहिलेलं असतं. बिननंबरी कांडी फुकट दिली तरी घेऊ नका.

गोठेकरी_संगमनेर
कार्ड मागितलं तर आमच्याकडे कांडी भरणारा माणूस असा बघतो की जसं काही मी त्याचं आधार कार्ड मागितलं.

माणदेशी
आमच्याकडे पण तेच. 'चांगली आहे हो, भरून घ्या.' वळूचं नाव विचारलं तर 'एचएफ'.

तळकोकणी
+१

शंकासुर
ब्लॅडचं पटलं, एक जनुक एक रोग, तपासता येतं. पण बाकीच्यासाठी ती चिप आली होती ना, वाशिमला पंतप्रधान आले होते तेव्हा? तिच्यावर माझ्या गायीचं सगळं कळेल ना?

जनुकवेडी
गौचिप, ऑक्टोबर २०२४. गायीसाठी गौचिप, म्हशीसाठी महिषचिप. चिप म्हणजे जादू नाही. ती गायीच्या डीएनएमधली हजारो ठिकाणं वाचते, बस. त्या खुणांचा अर्थ लावायला आधी हजारो गायींची नोंद लागते, की हिच्या खुणा अशा आणि हिला अमुक रोग झाला किंवा झाला नाही. दुधाची नोंद आपल्याकडे थोडीफार होते. रोगाची कुठे होते? गोचीड ताप आला, इंजेक्शन मारलं, विसरलो. ती नोंद नसेल तर चिप दुधाचं सांगेल, तापाचं काय सांगणार. १२ आकडी बिल्ला प्रत्येक गायीच्या कानात आहे, भारत पशुधन ॲप आहे, पण उपचार त्या नंबरावर चढवायचा कंटाळा सगळ्यांना.

ऑस्ट्रेलियात काय केलं बघा. १९५० च्या दशकात त्यांनी पाकिस्तानातून साहिवाल आणि लाल सिंधी नेले, जर्सीशी संकर केला आणि त्यातून ऑस्ट्रेलियन मिल्किंग झेबू तयार केली. दुधाबरोबर गोचीड किती चढतात हेही बघून निवड केली. मोजायची पद्धत एकदम साधी, जनावराच्या एका बाजूची रक्त पिऊन फुगलेली, साडेचार मिलिमीटरच्या वरची गोचिडं मोजायची आणि दुप्पट करायची. हे तुम्ही पण करू शकता, कॅलिपर नको की चिप नको. एक मात्र आहे, गोचिडाविरुद्धचा प्रतिकार जन्मतः पूर्ण नसतो, आधी चावून घ्यावं लागतं आणि मग चांगल्या रक्ताचं जनावर जोरात प्रतिक्रिया द्यायला शिकतं. त्यामुळे लहान कालवडींवरून निकाल लावू नका.

ग्वेल्फकर
जनुकं बदलायचाही प्रयोग झालाय आणि तो चक्क गीरवर. अमेरिकेत बीव्हीडी नावाचा विषाणू आहे, गर्भपात आणि अशक्त वासरं त्यामुळे होतात. तो ज्या सीडी४६ प्रथिनाला धरून पेशीत शिरतो त्यातली फक्त सहा अमिनो आम्लं बदललेली एक गीर कालवड २०२१ मध्ये जन्माला घातली, नाव जिंजर. नंतर तिला बीव्हीडी झालेल्या वासराबरोबर आठवडाभर ठेवलं तरी तिला जवळजवळ काही झालं नाही. अर्थात ही एकच कालवड.

वसुबारस
गीरच्या जनुकात ढवळाढवळ! हे काही मला पटत नाही.

जुनाजाणता
आपण कांडी भरतो तेव्हाही ढवळाढवळच करतो की. राहुरीच्या विद्यापीठाने फुले त्रिवेणी केली, निम्मी एचएफ, पाव जर्सी, पाव गीर. ती गाय पाव गीर ठेवून का केली असेल? आपल्या हवेत टिकावी म्हणूनच ना. लोकांनी काय केलं, पहिल्या पिढीत दूध वाढलं म्हणून खूश झाले आणि प्रत्येक पिढीला परत एचएफच भरत गेले. गीरचा पाव हिस्सा कधी धुऊन गेला ते कळलंच नाही. आज ज्यांना आपण एचएफ क्रॉस म्हणतो त्या बऱ्याच नव्वद टक्क्यांच्या वर एचएफ आहेत. संगमनेरकर, तुमची आजारी पडलेली कुठल्या पिढीची?

गोठेकरी_संगमनेर
काका आता विचार केला तर तिची आई, आजी सगळ्यांना एचएफच भरलेली. दुसरीची आई मात्र मामाकडून आणलेली होती, तांबूस, कपाळ फुगीर, कान लांब. म्हणजे तिच्यात गीर असणार. हे आजवर डोक्यात आलं नव्हतं.

पशुवैद्य_खानदेश
आता शंकासुरांनाही बरं वाटेल. पुरावा म्हणता येणार नाही, पण धागा लागतो.

तुम्ही असं करा. सगळ्या विकायची काही गरज नाही. ज्या गायी नव्वदच्या वर गेल्यात त्यांना एकदा गीर किंवा साहिवाल भरा, नाहीतर चांगल्या नोंदीचा संकरित वळू, त्याचं कार्ड बघून. एचएफ रक्त निम्म्याच्या आसपास ठेवायचं असं धरून चाला, दूध थोडं कमी होईल पण औषधाचं बिलही कमी होईल, वहीत दोन्ही लिहा म्हणजे वडिलांशी भांडताना आकडे हातात राहतील. जास्त एचएफ असलेल्या कालवडींना रक्षाव्हॅक-टी लस टोचून घ्या, दोन महिन्यांच्या पुढच्या, गाभण नको. ती लस द्रवनत्रात ठेवावी लागते, बर्फाच्या डब्यातून कुणी आणली तर परत पाठवा. आणि वासरू जन्मलं की पहिल्या दोन तासांत चीक पाजा. गायीच्या वारेतून अँटीबॉडी वासरापर्यंत पोचत नाहीत, जे मिळतं ते चिकातून. जनुकं सोन्याची असली तरी चीक नाही मिळाला तर पहिल्या महिन्यातच खेळ खलास.

गोठेकरी_संगमनेर
भिंतीच्या भेगा भरायला कालपासूनच सुरुवात केली, सिमेंट कालवून. एका भेगेतून मूठभर गोचीड निघालं, अंगावर काटा आला. वडील म्हणाले जाळून टाक, पत्र्याच्या डब्यात घालून जाळलं. शेवटचा प्रश्न, जी आजारी पडली होती ती ठेवू की विकू? २२ लिटरची गाय आहे.

पशुवैद्य_खानदेश
ठेवा. एकदा ताप येऊन बरी झालेली गाय पुढे त्याच तापाला बऱ्यापैकी टिकते, आणि २२ लिटर काही रस्त्यावर पडलेलं नाही. फक्त तीही आता वाहक धरा आणि पुढच्या माजाला तिला एचएफ भरू नका.

माणदेशी
डॉक्टर, आणि म्हशींचं काय? आमच्याकडे पंढरपुरी आहेत, गोचीड भरपूर पण ताप येत नाही.

पशुवैद्य_खानदेश
म्हशीतही हा परजीवी सापडतो, आजार मात्र सहसा हलका. पण म्हशीचं सगळं गणित वेगळं आहे, त्यासाठी नवीन धागा काढा, इथे मुऱ्हावाले बरेच आहेत ते पण येतील.